खूण नसलेली ओळ

चाचा दारात उभे राहिले तेव्हा मी नुकतीच रसमड्याच्या फॅक्टरीतून आले होते. स्कूटी धड स्टँडवर लागली नव्हती, तोंडाचा स्कार्फ सुटला नव्हता आणि फॅक्टरीच्या काळ्या धुळीनं नाक भरलं होतं. आमच्या घरात देव मानत नाहीत, पण मानत असते आणि तो त्या वेळी दारात आला असता, तर त्यालाही मी रविवारी ये म्हटलं असतं. चाचांना तसं म्हणता येत नाही.

त्यांच्या हातात मीच सकाळी दिलेला कागद होता. तो त्यांनी खिशात नीट घडी करून ठेवलेला दिसत होता, आणि बऱ्याच वेळा उघडलेलाही.

"पोरी," ते म्हणाले, "हे मी लिवलंच नाई."

"अक्षर लहान झालं का, चाचा?"

"अक्षराचं नाई सांगून राहिलो. हे माहं नाई. मी असं लिवलंच नोतं."

मी त्यांना आत बसवलं. आईनं पाणी दिलं. कागद माझ्या हातात आला, पण त्याचा मला काय उपयोग? कागद उर्दूत होता आणि मला उर्दूचा अलिफही येत नाही. आदल्या दिवशी त्यांनी फोनवरून मजकूर पाठवला, तो मी उचलून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर चिकटवला, अक्षरं मोठी केली आणि छापून दिला. माझं काम तिथं संपलं होतं. निदान मला तसं वाटलं होतं.

चाचा म्हणजे बाबांचे कोक ओव्हनमधले सोबती. मूळचे कामठीचे. आमचे बाबा भंडाऱ्याकडचे. दोघेही तरुणपणी भिलाईच्या स्टील प्लँटमध्ये लागले, सेक्टर १० मध्ये शेजारशेजारच्या क्वार्टरमध्ये राहिले आणि रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा जुनवानीत एकाच गल्लीत दोघांनी दोन खोल्यांची घरं बांधली. चाचा मराठी आमच्यासारखीच बोलतात, हिंदी सगळ्या भिलाईसारखी. पण शाळा उर्दूत झाली, त्यामुळे मनातलं लिहायचं तर उर्दूच. चाची जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा हैदराबादला नोकरीला आहे.

बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. विहारात प्रथम पुण्यस्मरणाचा कार्यक्रम ठेवला होता. त्रिशरण, पंचशील, मग दोन-चार जण बोलणार, मग जेवण. चाचांनी आधीच सांगून टाकलं होतं की भाऊवर, म्हणजे बाबांवर, मी बोलीन, आणि लिहून आणूनच बोलीन. तोंडी बोललो तर रडायला येईल आणि सगळं राहून जाईल, असं त्यांचं म्हणणं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर फोनवरचं बारीक अक्षर त्यांना नीट दिसत नाही, म्हणून तो मोठ्या अक्षरांचा कागद.

"काय चुकलं सांगा," मी म्हटलं.

त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं पाय. मी लिवलं होतं का भाऊ वरतं चार्जिंग कारवर, न् मी खालतं क्वेंचिंग कारवर. इथं उलटं आलं. भाऊ खालतं न् मी वरतं. मी जिंदगीत कधी वरतं गेलो नाई, पोरी."

कोक ओव्हनच्या डोक्यावर एक गाडी फिरते, ती भट्टीत कोळसा ओतते. बाबा त्या गाडीवर. खाली दुसरी गाडी लाल रसरशीत कोक घेऊन पाण्याच्या फवाऱ्याखाली जाते. चाचा त्या गाडीवर. सगळी नोकरी दोघांनी अशी वर-खाली काढली. हे आमच्या गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ आहे. चाचा हे उलटं लिहितील, हे शक्य नव्हतं.

पण असं बऱ्याच ओळींत झालं होतं. शेवटचं टिंब ओळीच्या भलत्याच टोकाला जाऊन बसलं होतं. एका ठिकाणी दोन शब्दांची अदलाबदल होऊन शॉप सुपरवायझरला शिव्या भाऊऐवजी चाचांनीच दिल्या होत्या. चाचांनी हे वाचून दाखवलं तेव्हा आईला हसू आलं. चाचांना आलं नाही.

"माह्या मोठ्या भावाचं असंच सुरू झालं होतं," ते हळूच म्हणाले. "पयले चिठ्ठीत उलटंसुलटं लिवे. मंग घर कोणतं ते विसरला. कामठीच्या बाजारातून लोक हात धरून आणून सोडत."

मला त्यांच्या मुलाचा फोन आठवला. महिन्यापूर्वी त्यानं मला फोन केला होता. मुलगा वाईट नाही, अजिबात नाही. बापाची काळजी त्याच्या आवाजात स्पष्ट ऐकू येत होती. तो म्हणाला होता, "दीदी, आप पास में रहती हो. अब्बा को अकेले छोड़ने का मन नहीं करता. कुछ भी गड़बड़ लगे, तो सच-सच बताना. मैं प्रोग्राम में आ ही रहा हूँ, साथ ले जाऊँगा." मी हो म्हटलं. शेजारधर्म म्हणून माणूस किती गोष्टींना हो म्हणतो! माझं लग्न टिकलं नाही म्हणून मी आईबाबांकडे परत आले, तेव्हापासून गल्लीतली सगळी टायपिंगं, पेन्शनचे कागद, आधारचे ओटीपी माझ्या वाट्याला आले. आता एका माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे ठरवण्याचं कामही आलं.

चाचांना हैदराबादला जायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तिथं सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली उतरलं तरी ओळखीचं कोणी नाही. इथं सकाळी ते आमच्या ओट्यावर बसतात. बाबा गेल्यावरही बसतात. बाबांची खुर्ची रिकामी असते, तिच्याकडे तोंड करून बसतात आणि पेपर मोठ्यानं वाचतात. आई आतून ऐकते.

"रविवारी पाहते," मी म्हटलं. "मशीनचं काही असेल."

"मशीन कावून असं करन?" ते म्हणाले आणि कागद घेऊन गेले.

मशीन असं का करेल, याची मला पुसट कल्पना होती. मी फॅक्टरीच्या डिस्पॅचमध्ये बसते. ट्रक आत घेणं, बाहेर सोडणं, ड्रायव्हरचे नंबर शोधणं. एकदा एका ड्रायव्हरचा मोबाईल नंबर फोनवरून उचलून मी कॉम्प्युटरमध्ये टाकला आणि मशीन म्हणालं, असा नंबर नाही. नंबर समोर दिसत होता. आधीच्या यादीतही तोच दिसत होता. ड्रायव्हर गेटवर हॉर्न मारत होता. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो सहज म्हणाला, "मैडम, वो ऊपर उल्टा पी जैसा बटन है ना, दबाइए." दाबलं. सगळ्या कागदावर मुरमुरे सांडावेत तसे ठिपके उमटले, आणि त्या नंबरच्या पुढे-मागे दोन बारक्या उभ्या काड्या दिसल्या. काडीच्या डोक्याला छोटंसं टोक, एका बाजूला वळलेलं.

त्या खुणा मशीनला सांगतात की इथून पुढचं डावीकडून उजवीकडे वाच किंवा उजवीकडून डावीकडे वाच. फोनवरून मजकूर उचलला की त्या गुपचूप बरोबर येतात. छापल्यावर दिसत नाहीत, एरवी पडद्यावरही दिसत नाहीत, पण मशीन त्यांचं ऐकतं. समोर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकायचं नाही आणि न दिसणाऱ्याचं ऐकायचं, हा स्वभाव मी ऑफिसात माणसांमध्येही पाहिला आहे. त्या दिवशी मी काड्या पुसल्या, ट्रक आत घेतला आणि विसरून गेले.

रविवारी दुपारी माझा जुना लॅपटॉप घेऊन मी चाचांकडे गेले. खरं सांगते, जायचा कंटाळा आला होता. आठवड्याचे कपडे बादलीत पडले होते, मान अवघडली होती, आणि पुण्यस्मरणाच्या स्वयंपाकाचं अजून काही ठरलं नव्हतं. चाचांनी टेबल पुसून ठेवलं होतं, चष्मा पुसून ठेवला होता. परीक्षेला बसल्यासारखे ते खुर्चीच्या टोकावर बसले होते.

मी त्यांचा मजकूर उघडला आणि ते बटण दाबलं.

पान काड्यांनी भरून गेलं. जिथं जिथं चाचांनी उर्दूच्या मध्ये इंग्रजी अक्षरांत चार्जिंग कार, शटडाऊन, सुपरवायझर असं लिहिलं होतं, तिथं तिथं काड्या उभ्या होत्या. कुठं एक, कुठं तीन-चार एका ठिकाणी गर्दी करून. ते उर्दूतून इंग्रजीत गेले की त्यांचा फोन एक काडी रोवायचा, डावीकडून वाच. परत उर्दूत आले की दुसरी, उजवीकडून वाच म्हणणारी, रोवायला हवी होती, ती कधी रोवली, कधी राहिली. राहिली की पुढची सगळी ओळ उलट्या वाटेनं चालायची. वरचा भाऊ खाली, खालचे चाचा वर.

"हे मी नाई टाकलं," चाचा पडद्याकडे बघत म्हणाले.

"तुम्ही नाहीच टाकलं. फोननं टाकलं."

"पर हे कागदावर तं दिसत नोतं."

"दिसतच नाही ते. हे बटण दाबलं तरच दिसतं."

त्यांनी एका काडीवर बोट टेकवून पाहिलं. मग त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले, परत घातला. "मंजे माहं डोस्कं बरोबर हाय," ते म्हणाले. त्यांनी हे मला विचारलं नाही, स्वतःलाच सांगितलं. मग उठून आत गेले आणि बिस्किटांचा डबा घेऊन आले. आमच्याकडे माणूस खूश झाला की आधी डबा उघडतो.

त्यानंतर आमचं काम सुरळीत चालू झालं. मला उर्दू येत नाही आणि त्यांना लॅपटॉप येत नाही, म्हणून ते मोठ्यानं वाचायचे आणि जिथं अडखळतील तिथं मी काड्या पाहायची. नको असलेली पुसायची, राहिलेली टाकायची. पूर्ण कागदाची दिशा उजवीकडून केली. एकेक ओळ जागेवर येत गेली. भाऊ वर गेले, चाचा खाली आले. सुपरवायझरला शिव्या परत भाऊंनी दिल्या. टिंब आपल्या टोकाला गेलं. चाचांचा आवाज चढत गेला. मला वाटलं, आता मुलाचा फोन आला तरी सांगता येईल, बाबा रे, तुझे अब्बा ठणठणीत आहेत, बिघडलाय तो तुझा फोन. तो फोन त्यानंच घेऊन दिलेला होता.

मग ते पुढचा परिच्छेद वाचू लागले.

आमच्या घरात एक गोष्ट आहे. इतकी वेळा सांगितलेली की पाहुण्यांनाही पाठ. सेक्टर १० मधली क्वार्टर सगळी सारखी. तोच रंग, तेच दार, दारासमोर तीच पायरी. नाईट करून झोपेत चालत येणारा माणूस भलत्याच घरात शिरला, असं त्या गल्ल्यांत कोणाचं झालं नाही! बाबांचंही झालं. चाचा तेव्हा नुकतेच शेजारी राहायला आले होते, ओळखही नव्हती. बाबा नाईटवरून आले, चुकून चाचांच्या घरात शिरले, बूट काढले, खाटेवर बसून डोळे मिटून म्हणाले, चाय. चाचीनं काही न बोलता चहा दिला. बाबांनी घोट घेतला आणि म्हणे तिथंच त्यांना कळलं, कारण आपल्या घरचा चहा इतका चांगला नसतो. मग ते बूट तिथंच टाकून अनवाणी पळाले. इथं सगळे हसायचे, आणि आई दर वेळी उठून स्वयंपाकघरात जायची. चहाला नावं ठेवली म्हणून रागावते, असं आम्हाला वाटायचं.

चाचा वाचत होते, "रात की ड्यूटी से लौटा था. आँखों में नींद थी. मैं अपना घर समझकर भाऊ के घर में घुस गया. जूते उतारे, खाट पर बैठा और कहा, चाय. भाभी ने चुपचाप चाय लाकर रख दी..."

"चाचा, जरा परत वाचा," मी म्हटलं.

त्यांनी परत वाचलं. तेच. मैं भाऊ के घर में घुस गया.

"उलटं झालं का इथं?" मी विचारलं. "तुम्ही बाबांच्या घरात, की बाबा तुमच्या?"

"जे लिवलं तेच हाय," ते म्हणाले. आवाज सहज होता.

मी पडद्यावर वाकले. बटण चालूच होतं. या परिच्छेदात एकही इंग्रजी शब्द नव्हता आणि एकही काडी नव्हती. शब्दांमधले ठिपके तेवढे होते. मी बटण बंद केलं, परत चालू केलं. काही नाही. इथं मशीननं काहीच केलं नव्हतं. हे उलटं चाचांच्या मनातूनच आलं होतं.

पुढे त्यांनी काय वाचलं ते माझ्या नीट लक्षात नाही. मी हो, हो म्हणत राहिले. बिस्किट कोरडं लागत होतं. आयुष्यभर एकत्र बसून हसलेली गोष्ट, आणि कोण कोणाच्या घरात शिरलं हेच फिरून गेलं होतं. मोठ्या भावाचंही असंच सुरू झालं होतं, असं ते स्वतःच म्हणाले होते. आता ते ही गोष्ट विहारात वाचतील. सगळी गल्ली ऐकेल, मुलगा पहिल्या रांगेत बसलेला असेल. आणि मग तो माझ्याकडे पाहील.

घरी आले तेव्हा आई ओट्यावर लाल भाजी निवडत होती. मी लॅपटॉप ठेवला आणि तिच्याजवळ बसले. फोन हातात होता. मुलाला आताच सांगावं, लोकांसमोर हसं होण्याआधी, असं वाटत होतं. आणि सांगू नये असंही. मला इतका थकवा आला होता की आपल्याला कोणीतरी सांगावं काय करायचं, आणि आपण ते करून मोकळं व्हावं, असं वाटत होतं.

"चाचांचं काही खरं नाही, आई," मी म्हटलं आणि तिला सगळं सांगितलं.

आई भाजी निवडत राहिली. एक जुडी संपली. मग ती म्हणाली, "बरोबर लिवलं त्यानं."

"काय बरोबर?"

"तोच आला होता आपल्या घरी."

"कोण, चाचा?" मी विचारलं.

"माह्या लग्नाले दोन महिने नोते झाले," आई म्हणाली. "तुह्या बाबाची फर्स्ट शिफ्ट होती, ते गेल्ते. दार उघडंच होतं. हा आला, बूट काढले, खाटेवर बसला न् डोळे मिटून म्हणे चाय. मले वाटलं तुह्या बाबाचा कोणी असन. मी देल्ली चाय. पेली त्यानं. मंग डोळे उघडून भिंतीकडं पाह्यलं तं तिथं बाबासायबाचा फोटो. त्याच्या लक्षात आलं का घर आपलं नोहे. असा घाबरला बिचारा! बूट टाकूनच पळाला."

"मग?"

"मंग काय. बूट दारात. नवरा ड्यूटीवर, घरात नवी नवरी, न् दारात परक्या माणसाचे बूट. गल्लीतल्या बायांनी पाह्यले. नळावर बोलाले सुरुवात झाली. मी दिवसभर दार लावून रडली."

आईला मी कधी रडताना पाहिलेलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही ती फक्त गप्प होती.

"तुह्या बाबाले संध्याकाळी सांगतलं. दुसऱ्या दिवशी सक्काळी, नळावर बाया उभ्या असताना, ते सरळ त्याच्या घरात घुसले. बूट काढले, खाटेवर बसले न् वरडून म्हणे, चाय आण वं! मंग अनवाणीच बाहेर आले, डोक्याले हात लावला, न् मोठ्यानं म्हणे, च्या मायले, घरच चुकलो! सगळ्या बाया हसून लोटपोट. मोठं हसू झालं तं लहान हसू बुजून गेलं. मंग जलमभर तेच सांगत राह्यले. आपल्याच अंगावर घेतलं."

ओट्यावर भाजीचे देठ पडले होते. आईनं ते गोळा केले. दर वेळी ती स्वयंपाकघरात का जायची, ते मला आता कळलं. बाबांचा मला फार राग आला, की त्यांनी हे मला कधी सांगितलं नाही. आणि लगेच रडू आलं, की ते आता सांगायला नाहीत.

"मग आता काय करू?" मी विचारलं. "चाचांना बदलायला सांगू?"

"काहाले?" आई म्हणाली. "वाचू दे त्याले. त्याचं खरं हाय. इतकी वरसं त्यानंबी तोंडात धरून ठेवलं. आता नळावर बोलणाऱ्या बाया तरी कुठं राह्यल्या."

मी तो परिच्छेद तसाच ठेवला आणि कागद छापून चाचांना दिला. आईशी काय बोलणं झालं ते त्यांना सांगितलं नाही. आई म्हणाली होती वाचू दे, म्हणून वाचू दिलं. शिवाय मला कोणाचं काही उकरायची ताकद राहिली नव्हती.

पुण्यस्मरणाला विहार भरला होता. प्लँटमधले पांढऱ्या केसांचे बरेच जण आले होते, कोणी काठी टेकत, कोणी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून. चाचांचा मुलगा सकाळच्या गाडीनं आला होता आणि माझ्या शेजारी बसला होता. वंदना झाली. दोघं बोलले. मग चाचा उठले. पांढरा कुर्ता, हातात कागद. कागद त्यांनी डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि वाचायला सुरुवात केली.

छान वाचत होते. भाऊ वर, मी खाली. वरून भाऊ ओरडायचे, खालून मी ओरडायचो, आवाजात कोणालाच काही ऐकू यायचं नाही आणि तरी एकमेकांचं कळायचं. सुपरवायझरच्या शिव्यांवर म्हातारे खो खो हसले. मुलगा मान डोलवत होता. मी मनातल्या मनात पुढचा परिच्छेद मोजत होते.

तो आला. चाचा थांबले. त्यांनी कागदावरून मान वर केली आणि बायकांमध्ये बसलेल्या आईकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग परत कागदाकडे बघून वाचू लागले, "रात की ड्यूटी से लौटा था भाऊ. आँखों में नींद थी. अपना घर समझकर मेरे घर में घुस आया. जूते उतारे, खाट पर बैठा और कहा, चाय..."

कागदावर हे नव्हतं. कागद मी छापला होता. उर्दू येत नसली तरी मला ठाऊक होतं की तिथं काय लिहिलं आहे. चाचा वाचता वाचता एकेक शब्द फिरवत होते, न अडखळता, बाबा सांगायचे अगदी तसं. लोक हसायच्या तयारीत पुढे सरकले.

"खोटं हाय ते, भाईसाब," आई म्हणाली.

आई सभेत कधी बोलत नाही. सगळे वळले. ती उठली नाही, बसल्या जागेवरूनच, पदर सावरून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "तुमीच आले होते माह्या घरी. न् चाय मीच देल्ली. कशी होती चाय, ते सांगा आज."

चाचांचा कागद खाली आला.

"बहुत अच्छी थी, भाभी," ते म्हणाले. "कडक."

मग ते रडले. लिहून आणूनही रडले. कोणीतरी पाणी आणायला उठलं, म्हाताऱ्यांपैकी कोणी हसलं, कोणी नाक शिंकरलं. आई समोर बाबांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत होती आणि तिचा चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता इतका मोकळा होता.

चाचांचा मुलगा माझ्याकडे वाकला. त्याला यातलं काहीच कळलं नव्हतं. लहानपणापासून त्यानं गोष्ट एकाच बाजूनं ऐकलेली, आणि आता बाप भरसभेत चुकला, कोणी टोकलं आणि तो रडला, एवढंच त्याला दिसलं. त्याचा चेहरा पडला होता.

"दीदी," त्यानं हळू आवाजात विचारलं, "अब्बा भूलने लगे हैं क्या?"

"नाही," मी म्हटलं. मला मराठीतच बोलता आलं, आणि त्याला ते कळलं. "काही विसरले नाहीत ते. काहीच विसरले नाहीत."